दाताच्या दवाखान्यातला ट्रे शेवटी कोण उचलतं?

शुक्रवारी म्हापशाचा बाजार. बाजाराला आलेली माणसं जाता जाता दाढही दाखवून जातात, त्यामुळे शुक्रवारी माझा शेवटचा पेशंट उठेपर्यंत आठ वाजतात. मी ग्लोव्हज काढते, हात धुते, औषधाची चिठ्ठी लिहून देते. तोवर खुर्चीशेजारच्या ट्रेत काय काय पडलेलं असतं? आरसा, चिमटा, रक्ताने भिजलेले कापसाचे बोळे, भुलीची सिरिंज सुईसकट, इंजेक्शनाची फोडलेली काचेची अँप्युल, सिमेंट भरताना दाढेभोवती लावलेली स्टीलची पातळ पट्टी, आणि नुकतीच काढलेली एक दाढ. त्या दाढेत पंधरा-वीस वर्षांपूर्वी कोणीतरी चांदी भरलेली.

हा ट्रे मी उचलत नाही. डिचोलीहून बसने येणारी माझी मदतनीस मुलगी तो उचलते. तिच्यामागून फरशी पुसायला आणि पिशव्या बांधायला मावशी येते. दाताच्या दवाखान्यातल्या धोक्यांबद्दल जे लिहिलं जातं ते एकतर डॉक्टरांसाठी असतं, नाहीतर पेशंटला धीर द्यायला. या दोघींसाठी कोणी लिहीत नाही. म्हणून आज तो ट्रे त्यांच्या हातांतून बघू.

सुई

दुसऱ्या इस्पितळात एका सुईचं काम एका टोचण्यात संपतं. आमच्याकडे तसं होत नाही. भूल थोडी चढली की परत थोडी द्यावी लागते, कधी तिसऱ्यांदाही. मधल्या वेळात उघडी सुई ट्रेत ठेवणं धोक्याचं, म्हणून तिला टोपण लावतात. आणि बोटं टोचून घेण्याची हमखास वेळ हीच. डाव्या हातात टोपण, उजव्या हातात सुई, डोळे पेशंटकडे.

यावरचा उपाय फुकटचा आहे. टोपण ट्रेत आडवं ठेवायचं, एकाच हातात सिरिंज धरून सुईचं टोक त्यात सरकवायचं, मग ट्रेच्या कडेला टेकवून टोपण घट्ट करायचं. दुसरा हात पाठीमागे. चार दिवस अवघडल्यासारखं वाटतं, पाचव्या दिवशी हाताला वळण पडतं. आमच्याकडे आणखी एक नियम आहे, ज्याने सुई टोचली त्यानेच ती डब्यात टाकायची. म्हणजे मीच. मदतनीसाच्या हातात ट्रे जातो तेव्हा त्यात सुई नसते.

हा नियम मला कुठल्या पुस्तकाने शिकवला नाही. दवाखाना सुरू केला त्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्याकडे एक मावशी होत्या. पिशवी भरली की त्या वरून तळहाताने दाबून जागा करायच्या. आपण घरच्या कचऱ्याच्या बादलीत करतो, अगदी तसं. एका संध्याकाळी कापसाच्या बोळ्यांत राहून गेलेली सुई त्यांच्या अंगठ्याखाली शिरली. त्यांनी अंगठा तोंडात घातला, रक्त थांबल्यावर हात धुतला आणि घरी गेल्या. मला कळलं दुसऱ्या दिवशी, तेही मदतनीस मुलीकडून. “बाई ओरडतील म्हणून सांगितलं नाही,” असं त्या म्हणाल्या. चूक माझी होती, सुई मी टाकली होती, आणि ओरडा बसेल ही भीती त्यांना.

आता त्या संध्याकाळी काय करायला हवं होतं ते. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायची. पिळायची नाही, चोखायची तर अजिबात नाही, आणि स्पिरीट किंवा ब्लीच ओतायचं नाही. मग लगेच सांगायचं. ज्या पेशंटची सुई होती त्याला समजावून, त्याच्या संमतीने, त्याचं रक्त तपासायचं. सुई कोणाची ते कळत नसेल तर धोका आहे असंच धरून चालायचं. त्याच रात्री जिल्हा इस्पितळ किंवा बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, गाठायचं.

घाई का, ते तीन आकड्यांत कळेल. सुई एचआयव्ही असलेल्या माणसाची असेल तर ती टोचून लागण होण्याची शक्यता साधारण ३०० त एक. हिपॅटायटिस सीची १०० त फार तर दोन. आणि हिपॅटायटिस बीची, लस न घेतलेल्या माणसाला, १०० त ६ ते ३०. सगळे एचआयव्हीला घाबरतात, पण खरा दांडगा आहे तो हिपॅटायटिस बी. वाळलेल्या रक्तातसुद्धा हा विषाणू आठवडाभर तग धरतो. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या शक्यतो दोन तासांत सुरू कराव्या लागतात. ७२ तास उलटून गेले की त्यांचा उपयोग उरत नाही, आणि सुरू केल्या की २८ दिवस घ्याव्या लागतात. हिपॅटायटिस बीची लस झालेली नसेल तर ती लगेच सुरू करतात, गरज असेल तर तयार अँटीबॉडीचं इंजेक्शनही देतात. म्हणजे रात्रभर गप्प बसण्यात मावशींचे दोन तास केव्हाच निघून गेले होते.

मावशींच्या तपासण्या सहा महिने चालल्या, आणि सगळ्या चांगल्या आल्या. त्या सहा महिन्यांत मी किती वेळा झोपेतून उठले ते राहू दे.

हिपॅटायटिस बीची लस तीन डोसांची. पहिल्यानंतर एका महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून घ्यायचं. अहवालातला अँटीबॉडीचा आकडा १० किंवा वर असला की लस लागली. हा शेवटचा भाग बहुतेक दवाखाने गाळतात. लस घेतली म्हणजे लागलीच, असं धरून चालतात. देशाच्या २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं, वर्षातून एकदा तपासणी करणं आणि कामाचं शिक्षण देणं ही जबाबदारी दवाखान्याच्या मालकावर टाकली आहे. यात मावशी येतात. त्यांचा पगार किती, त्या अर्धवेळ की पूर्णवेळ, याचा इथे संबंध नाही. टोचलेल्या सुईची नोंद वहीत ठेवून ती वार्षिक अहवालात द्यायची असते, दर वर्षी ३० जूनच्या आत.

चार रंग, आणि एक दाढ

ट्रेकडे परत येऊ. रक्ताचे बोळे पिवळ्या पिशवीत, ती जाळायला जाते. सुई काढलेली सिरिंज, ग्लोव्हज, तोंडातलं पाणी ओढणारी प्लास्टिकची नळी लाल पिशवीत, कारण हे प्लास्टिक निर्जंतुक करून, तुकडे करून रिसायकलिंगला जातं. सुई, ब्लेड, रूट कॅनालच्या बारीक फाइल, ती स्टीलची पट्टी, तारांचे तुकडे, म्हणजे जे जे टोचतं किंवा कापतं ते पांढऱ्या, आरपार दिसणाऱ्या, भोसकलं न जाणाऱ्या डब्यात. अँप्युलची काच निळ्यात. डबा पाऊण भरला की बंद करायचा, पिशवी वरून दाबायची नाही, आणि दवाखान्यात ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायची नाही. प्रत्येक पिशवीला बारकोड लागतो. मग गाडी येते आणि माल कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या दवाखान्यांच्या कचऱ्यासाठीच्या राज्याच्या सामाईक प्रकल्पात जातो.

कागदावर हे सरळ दिसतं. प्रत्यक्षात गोंधळ पिशव्यांच्या बाहेर होतो. इंजेक्शनाचं कोरं खोकं, बिलाची कागदं, पेशंटच्या हातातला बिस्किटाचा पुडा हा साधा कचरा, तो पंचायतीच्या किंवा पालिकेच्या गाडीत जायला हवा. तो पिवळ्यात टाकला तर नुकसान पैशाचं. उलटं झालं, म्हणजे साध्या कचऱ्यात एक सुई गेली, तर पुढे तो कचरा हाताने वेगळा करणाऱ्या माणसाच्या बोटात ती घुसते. त्याला ती कुठल्या दवाखान्याची ते कधीच कळणार नाही, आणि दवाखान्यालाही तो कळणार नाही.

ट्रेत आता एकच गोष्ट उरली, ती चांदी भरलेली दाढ. साधी काढलेली दाढ पिवळ्यात जाते. कोणी मागितलीच तर मी धुऊन, निर्जंतुक करून कागदात बांधून देतेही. पोरांना दुधाचा दात कौलांवर फेकायचा असतो, हल्ली कौलं नसली तरी स्लॅबवर फेकतात. पण चांदी भरलेली दाढ पिवळ्यात जात नाही. कारण त्या चांदीत चांदी कमी आणि पारा जास्त असतो.

पारा

ज्याला आपण चांदी भरणं म्हणतो त्या मिश्रणाला अमाल्गम म्हणतात. वजनाने साधारण निम्मा पारा, बाकी चांदी, कथील, तांबं. मी शिकत होते तेव्हा पाऱ्याचे थेंब आणि धातूची पूड छोट्या खलात घोटायचो आणि जास्तीचा पारा फडक्यातून बोटांनी पिळून काढायचो. त्या काळी हे सगळीकडेच चालायचं. हातातली अंगठी तेवढी काढून ठेवायला सांगत. सोन्याला पारा लागला की सोनं पांढरं पडतं, ही भीती आमच्या मनात पक्की बसली होती. पारा आमच्या फुप्फुसांत काय करतो याची भीती मात्र कोणी घातली नाही. आज बंद कॅप्सूल मिळते, यंत्रात घोटली जाते, मोकळ्या पाऱ्याशी हाताचा संबंध येत नाही. ज्यांच्याकडे अजून चांदी भरतात त्यांनी निदान एवढं तरी करावं.

पाऱ्याची गंमत अशी की तो धातू असून खोलीच्या साध्या तापमानाला त्याची वाफ होते. वास नाही, रंग नाही. सांडलेला थेंब फरशीच्या फटीत जाऊन बसला तर महिनोन् महिने वाफ सोडत राहतो. ती वाफ श्वासातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाते. हात थरथरणं, झोप उडणं, चिडचिड, विसराळूपणा ही त्याची लक्षणं, आणि ती इतकी रोजची वाटतात की पाऱ्याकडे कोणाचं बोट जात नाही.

पारा सांडला तर मावशींचा पहिला हात झाडूकडे जातो. झाडूने एका थेंबाचे शंभर होतात. व्हॅक्यूम क्लीनरने तर तो गरम होऊन खोलीभर उडतो. त्याऐवजी एसी आणि पंखा बंद करायचा, खिडक्या उघडायच्या, बाकीच्यांना बाहेर काढायचं. ग्लोव्हज घालून दोन जाड कागदांनी थेंब एकत्र लोटायचे, सुई नसलेल्या सिरिंजने ओढून घ्यायचे, उरलेले बारीक थेंब चिकटपट्टीने टिपायचे आणि हे सगळं, सिरिंज आणि पट्टीसकट, घट्ट झाकणाच्या बाटलीत बंद करायचं. सिंकमध्ये काहीच धुवायचं नाही. घरात जुना पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तरी रीत हीच.

म्हणून ती दाढ पिवळ्यात नको. पिवळी पिशवी जळते तेव्हा पारा धुरातून हवेत जातो. वाफेने हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्येही नको, तिथे त्याची वाफ होते. ती दाढ, काढून टाकलेल्या चांदीचे तुकडे, रिकाम्या कॅप्सूल, सक्शनच्या जाळीत अडकलेला चुरा, हे सगळं रुंद तोंडाच्या हवाबंद डब्यात साठवायचं, डब्यावर ठळक नाव लिहायचं आणि घातक कचऱ्याच्या अधिकृत वाटेने द्यायचं. वाट कोणती ते साळगावला प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विचारून घ्यावं. बाटली छोटी असते, भरायला वर्षं लागतात, म्हणून ती कपाटात मागे सरकत जाते आणि एक दिवस कपाट साफ करताना कोणीतरी ती फेकून देतं. असं होऊ नये म्हणून माझी बाटली समोरच्या फळीवर आहे.

आता एक गोष्ट खास आपल्या गोव्याची. जुनी चांदी ड्रिलने काढताना तिचा चुरा पाण्याबरोबर पिकदाणीत जातो. पिकदाणीचं पाणी कुठे जातं? पणजी-मडगाव-वास्कोत काही भागांत सांडपाण्याची वाहिनी आहे. बाकी बहुतेक ठिकाणी सेप्टिक टाकी आणि तिच्यापुढे शोषखड्डा. आपली जमीन जांभ्याची, सच्छिद्र, पाणी पिणारी. आणि शोषखड्ड्यापासून हाकेच्या अंतरावर कोणाची तरी विहीर. अमाल्गमचे कण जड असल्यामुळे बरेचसे गाळात बसतात, तेव्हा उद्यापासून विहिरीचं पाणी सोडा असं मी म्हणत नाही. पण गाळातल्या पाऱ्याचं जीवाणू मिथाइल पारा नावाच्या जास्त विषारी रूपात रूपांतर करतात, आणि तो माशांच्या शरीरात साठत जातो. जपानमध्ये मिनामाटा इथे कारखान्याच्या सांडपाण्यातून मिथाइल पारा थेट खाडीत गेला आणि माशांत साठला. तो आजार १९५६ साली उघडकीला आला, आणि खाडीचे मासे खाणारी माणसं त्यात गेली. ज्या प्रदेशात दुपारचं जेवण हुमणाशिवाय, म्हणजे माशांच्या कालवणाशिवाय, होत नाही तिथे हे ध्यानात ठेवायला हवं.

त्या गावाच्याच नावाने पाऱ्यावरचा आंतरराष्ट्रीय करार झाला. तो २०१७ मध्ये लागू झाला, भारत २०१८ मध्ये त्यात सामील झाला. १५ वर्षांखालच्या मुलांना, गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या बायकांना चांदी भरू नये, असं त्यात २०२२ मध्ये ठरलं. युरोपीय संघाने २०२५ पासून ती जवळजवळ बंदच केली. अमेरिकेत २०१७ च्या नियमाने दवाखान्यांना सांडपाण्यातून अमाल्गम अडवणारं यंत्र बसवावं लागलं. आपल्याकडे निदान खुर्चीची जाळी तरी असते. ती सिंकमध्ये ठोकून न धुता डब्यात रिकामी केली, तरी बराच पारा दवाखान्यातच अडतो.

हे वाचून आपल्या तोंडातली जुनी चांदी उपटून काढायला कोणी धावू नये. बसलेल्या चांदीतून वाफ फार थोडी निघते. खरी निघते ती काढताना. चांगली असेल तर असू दे.

पाण्यासारख्या दिसणाऱ्या बाटल्या

स्वतःचा दवाखाना काढण्याआधी मी एका ठिकाणी नोकरी करत होते. तिथे रूट कॅनाल धुवायचं हायपोक्लोराइट मोठ्या कॅनमधून पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवत, कारण कॅन जड. बाटलीवर अजून त्या पाण्याच्या कंपनीचा कागद. एप्रिलच्या उकाड्यात तिथल्या मुलीने ती उघडून तोंडाला लावली. वासाने तिला वाचवलं, घोट आत गेला नाही, ओठ तेवढे भाजले.

हायपोक्लोराइट म्हणजे साधं ब्लीचच, ३ ते ५ टक्क्यांचं. दाढेतल्या मेलेल्या नसा विरघळवतं, आणि डोळ्यात एक थेंब उडाला तर डोळ्याचंही तेच करू बघतं. म्हणून चष्मा, मला आणि पेशंटलाही. उडालाच तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरायचा. पंधरा म्हणजे घड्याळ लावून पंधरा, दोन मिनिटांत बरं वाटलं तरी. आणि संडास धुवायचं ॲसिड हायपोक्लोराइटबरोबर कधीही मिसळायचं नाही. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो छाती धरतो. मावशी बिचारी जास्त स्वच्छ व्हावं म्हणूनच दोन्ही ओतते, घरीही ओतते.

दुसरी बाटली ग्लुटारअल्डिहाइडची. उष्णता न सोसणारी उपकरणं बुडवायला हे वापरतात. २० मिनिटांत बहुतेक जंतू मरतात, पण पुरतं निर्जंतुक व्हायला १० तास लागतात. पुष्कळ ठिकाणी २० मिनिटांत काढून ‘स्टरलाइझ झालं’ म्हणतात. त्याच्या वाफेने डोळे चुरचुरतात, नाक गळतं, आणि वर्षानुवर्षं उघड्या ट्रेवर वाकून काम करणाऱ्याला दमा लागू शकतो. मदतनीस मुली सांगतात, “आता वास येत नाही, सवय झाली.” नाकाला सवय होते, फुप्फुसाला होत नाही. ट्रेला झाकण, खिडकी उघडी, आणि मिसळल्यापासून सहसा चौदा दिवसांत बदल. मिसळल्याची तारीख बाटलीवर लिहिलेली नसेल तर तो पंधरावा दिवस समजावा.

तिसरी, कवळी दुरुस्त करायच्या गुलाबी प्लास्टिकचं द्रव. त्याचा गोडसर उग्र वास दवाखान्यात शिरल्या शिरल्या येतो. पेट घेणारं, आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड, टेबलावरून खाली घरंगळत जाणारी. पावसात वीज जाते, कोणीतरी मेणबत्ती पेटवतं. त्या टेबलावर मेणबत्ती नको, टॉर्च ठेवा. ग्लोव्हजमधूनही ते झिरपतं, त्यामुळे ‘ग्लोव्हज घातलेत ना’ म्हणून ते बोटांनी मळायचं नाही. बोटांची टोकं चिरायला लागली की त्वचेने त्याच्याशी वैर धरलं समजायचं, आणि हे वैर आयुष्यभराचं असतं.

चौथी सगळ्यांच्या दवाखान्यात नसते, पण असेल तर माहीत हवी. चिनीमातीच्या कॅपला खडबडीत करायला हायड्रोफ्लोरिक ॲसिडची जेल लागते. ती त्वचेवर सांडली तर लगेच दुखेलच असं नाही. कित्येकदा काही तासांनी दुखायला लागतं, तोवर ॲसिड आत हाडाकडे निघालेलं असतं. त्यावरचं औषध म्हणजे कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल. ज्या दवाखान्यात ती जेल नाही तिथे हे ॲसिडही नसावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुलैतला कुकर

ऑटोक्लेव्ह म्हणजे तोलामोलाचा प्रेशर कुकर. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. तेवढ्यावर बहुतेक जंतू मरतात, पण काही जीवाणू कवच घालून बसतात आणि उकळलं तरी टिकतात. दाब वाढवला की वाफ १२१ अंशांना जाते, दाब साधारण १५ पौंड. त्यात १५ ते ३० मिनिटं, किंवा १३४ अंशांना तीन-चार मिनिटं. मग कवचवालेही जातात. पूर्वी दवाखान्यात हत्यारं उकळायचं स्टीलचं भांडं असायचं. पेशंटला ती वाफ बघून समाधान वाटायचं. ते समाधानच होतं.

आमची अडचण जुलैत सुरू होते. ऑटोक्लेव्हची सायकल, म्हणजे एक पूर्ण फेरी, अर्ध्यात असताना वीज गेली तर ती सायकल वाया. परत आल्यावर उरलेली पाच मिनिटं देऊन भागत नाही, पहिल्यापासून सुरू करावी लागते. संध्याकाळी उशीर झालेला असताना, बाहेर धो धो पाऊस आणि डिचोलीची शेवटची बस चुकायच्या बेतात असताना मदतनीस मुलीला हे सांगणं माझ्या जिवावर येतं. म्हणून आता त्या वेळी ऑटोक्लेव्ह लावतच नाही. सकाळी लावतो, आणि उपकरणांचे जास्तीचे दोन संच घेऊन ठेवलेत. नियम पाळला जावा असं वाटत असेल तर तो बस चुकवल्याशिवाय पाळता आला पाहिजे.

उपकरणांची ओली राहिलेली पाकिटंही निर्जंतुक धरायची नाहीत. ओल्या कागदातून जंतू आत झिरपतात, आणि कोकणपट्टीच्या पावसात पाकीट आपोआपच सर्द होतं. पूर्ण वाळवायचं, बंद कपाटात ठेवायचं. पाकिटावरची पट्टी काळी पडली म्हणजे ते तापलं, एवढंच कळतं. आतले जंतू मेले का ते कळायला मुद्दाम कवचवाल्या जीवाणूंची पट्टी आत ठेवून ती नंतर तपासतात, आठवड्यातून एकदा. आणि दार उघडताना तोंड बाजूला. माझ्या ओळखीच्या निम्म्या मदतनिसांच्या मनगटावर वाफेचा डाग आहे.

एक्स-रेबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात आणि त्याची काळजी सगळ्यात कमी करावी लागते. आजच्या दाताच्या एका एक्स-रेचं रेडिएशन फार थोडं असतं. पेशंटला ते कधीतरी मिळतं, मदतनीसाला मात्र रोज, म्हणून तिने दोन मीटर लांब, किरणांच्या सरळ रेषेबाहेर उभं राहायचं. फिल्म बोटाने धरून ठेवायचं काम तिचं कधीच नाही. लहान मुलाला धरावंच लागलं तर त्याच्या आई-वडिलांनी, शिशाचा एप्रन घालून. एप्रन घडी न घालता टांगायचा, घडीला आतलं शिसं चिरतं. यंत्राची नोंद अणुऊर्जा नियामक मंडळाकडे हवी. मुलगी गरोदर असेल तर तिने ते लगेच सांगावं, आणि सांगितल्यावर नोकरी जाणार नाही एवढा भरवसा मालकाने आधीच दिलेला असावा.

ड्रिल मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतं आणि तोंडातली लाळ-रक्त तुषारांसारखं उडवतं. कोविडमध्ये सगळ्यांनी मास्क लावले, आता परत हनुवटीवर उतरलेत. जोराचं सक्शन तोंडाजवळ धरलं तर बहुतेक तुषार तिथेच ओढले जातात. ते धरणारा हात मदतनीसाचा असतो, म्हणून तिचा मास्क माझ्यापेक्षा हलका नसावा. खुर्चीच्या बारीक नळ्यांत रात्रभर पाणी साचून शेवाळासारखा थर धरतो. सकाळी काही मिनिटं आणि दोन पेशंटमध्ये अर्धा मिनिट पाणी सोडून द्यायचं. इटलीत २०११ मध्ये ८२ वर्षांच्या एका बाई अशाच खुर्चीच्या पाण्यातल्या लेजिओनेला जीवाणूने न्यूमोनिया होऊन गेल्या होत्या.

कुणाला वाचता येतं?

प्रत्येक रसायनाबरोबर सुरक्षिततेची माहिती देणारा कागद मिळतो. सोळा भागांचा, इंग्रजीतला, बारीक अक्षरांचा. तपासणीच्या दिवशी फाइल दाखवता येते. मावशी इंग्रजी वाचत नाहीत, देवनागरी वाचतात, सावकाश, बोट ठेवून. म्हणून आमच्या बाटल्यांवर आता जाड काळ्या अक्षरांत लिहिलंय: ‘हे पाणी नाही. डोळ्यांत गेलं तर नळाखाली १५ मिनिटं. ॲसिडबरोबर मिसळू नये.’ शेजारच्या दवाखान्यात काम करणारी बाई फक्त कन्नड वाचते. तिच्यासाठी तिथल्या डॉक्टरांनी डोळ्याचं चित्र काढून त्यावर लाल फुली मारली आहे. चित्र वाईट आहे, पण कळतं.

फ्रिजवर जिल्हा इस्पितळाचा नंबर, आणि खाली एक ओळ: ‘सुई टोचली तर आधी हात धुवा, मग लगेच सांगा. कोणी ओरडणार नाही.’ हे शेवटचं तीन शब्दांचं वाक्य लिहायला मला त्या जुन्या मावशींचा अंगठा आठवावा लागला.

नव्या मावशी फेब्रुवारीत आल्या. पहिल्या दिवशी झाडू हातात द्यायच्या आधी लसीचा पहिला डोस झाला, मार्चमध्ये दुसरा. तिसऱ्याची तारीख मी कॅलेंडरवर लिहायला गेले तर त्या मागून म्हणाल्या, “डॉक्टरबाई, तो आठवडा नको हां. चवथीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची असते, दंड दुखला तर हात वर कसा करू?” तिसरा डोस आठ-दहा दिवस पुढे गेला तरी चालतो, आधीचे दोन वाया जात नाहीत. विसर्जनानंतरच्या सोमवारी गोल केला. त्यांनी जवळ येऊन, बोट ठेवून, तारीख वाचली.